जन्मापूर्वीच मिळालेली ठेव
अंडाशयातील पुटिकांची वाढ आणि त्यांचे रक्षण

पैठणजवळचा नाथसागर हा मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १९७६ साली राष्ट्राला अर्पण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या या जलाशयात सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावते. एखाद्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि धरण मृतसाठ्यावर आले, तरी शेतकऱ्याला आणि छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकाला एक आशा असते. पुढच्या पावसाळ्यात गोदावरीला पाणी येईल आणि जलाशय पुन्हा भरेल.

स्त्रीच्या शरीरात मात्र असा एक साठा आहे की जो आयुष्यात एकदाच भरतो, आणि तोही तिचा जन्म होण्यापूर्वी. त्यानंतर त्यात भर पडत नाही. तो फक्त कमी होत जातो. हा साठा म्हणजे अंडाशयातील पुटिकांचा साठा होय. मातृत्व या साठ्यावर अवलंबून आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु स्त्रीच्या हाडांचे बळ, हृदयाचे आरोग्य आणि मनाचे स्वास्थ्य यांचाही त्याच्याशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. ती परिचित नसल्याने काय घडू शकते, याचा अनुभव मराठवाड्याने अलीकडच्या काळात घेतला आहे. म्हणूनच या ठेवीची ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

पुटिका म्हणजे काय?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचे, सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचे एकेक अंडाशय असते. बोलीभाषेत त्याला बीजकोष म्हणतात, तर गर्भाशयाला ‘पिशवी’ असे संबोधले जाते. अंडाशयात अंडपेशी असतात. परंतु अंडपेशी कधीही एकटी नसते. तिच्याभोवती तिचे पोषण व रक्षण करणाऱ्या पेशींचे वेष्टन असते. अंडपेशी आणि तिचे हे वेष्टन मिळून जो सूक्ष्म घटक बनतो, त्याला पुटिका असे म्हणतात.

१६७२ साली नेदरलँड्समधील वैद्य रेनिए द ग्राफ यांनी अंडाशयातील पाण्याने भरलेल्या या फुगीर पिशव्यांचे सविस्तर वर्णन केले. पूर्ण वाढलेल्या पुटिकेला ‘ग्राफियन पुटिका’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. तथापि, ही पिशवी म्हणजेच अंडे होय, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्ष अंडपेशी तिच्या आत असते, हे १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी कुत्रीच्या अंडाशयाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून दाखवून दिले.

साठा कसा जमतो?

या कथेचा आरंभ गर्भावस्थेत होतो. गर्भ अवघा तीन-चार आठवड्यांचा असताना, भावी अंडपेशींच्या पूर्वज पेशी गर्भाच्या शरीराबाहेर, पीतक पिशवीच्या भिंतीत असतात. तेथून त्या प्रवास करीत अंडाशय जेथे तयार व्हावयाचे असते त्या जागी येऊन पोचतात. तेथे त्या भराभर विभागतात आणि त्यांची संख्या वाढत जाते. गर्भ सुमारे पाच महिन्यांचा होतो, तेव्हा ही संख्या ६० ते ७० लाखांच्या घरात पोचलेली असते. हीच साठ्याची सर्वोच्च पातळी.

यानंतर भर थांबते आणि घट सुरू होते. मुलगी जन्मते तेव्हा १० ते २० लाख, वयात येते तेव्हा ३ ते ४ लाख, वयाच्या ३७-३८ व्या वर्षी सुमारे २५ हजार आणि पाळी कायमची थांबते तेव्हा सुमारे एक हजार, असा हा उतरता आलेख आहे. हे आकडे सरासरीचे आहेत. व्यक्तीव्यक्तीत त्यांत पुष्कळ फरक आढळतो.

प्रसूतीसाठी माहेरी आलेल्या लेकीच्या उदरात पाच महिन्यांपूर्वीपासून मुलीचा गर्भ वाढत असेल, तर त्या गर्भाच्या चिमुकल्या अंडाशयात पुढच्या पिढीची बीजेही आधीच तयार झालेली असतात. अशा रीतीने एकाच देहात तीन पिढ्या नांदत असतात. गर्भवती स्त्रीच्या आहाराची व आरोग्याची काळजी घेणे म्हणजे केवळ तिच्या बाळाची काळजी घेणे नव्हे, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

दीर्घ निद्रा

जन्मापूर्वीच अंडपेशी एका विशेष प्रकारच्या विभाजनास प्रारंभ करते. यास अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात, कारण त्यातून गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. परंतु हे विभाजन पुरे होत नाही. पहिल्याच टप्प्यात ते थांबते आणि अंडपेशी जणू निद्राधीन होते. तिच्याभोवती चपट्या पेशींचा एकच पातळ थर असतो. या अवस्थेतील पुटिकेस आद्य पुटिका म्हणतात. तिचा व्यास एका मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतका, किंवा त्याहूनही कमी असतो. काही पुटिकांची ही निद्रा बारा-तेरा वर्षांची, तर काहींची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची असते. शरीरातील फारच थोड्या पेशी इतका दीर्घ काळ एकाच स्थितीत टिकून राहतात.

या दीर्घ प्रतीक्षेची किंमतही द्यावी लागते. गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र बांधून ठेवणारी काही प्रथिने जन्मापूर्वीच तयार झालेली असतात आणि वर्षे लोटतात तशी त्यांची पकड सैल होत जाते. पस्तिशीनंतर, विशेषतः चाळिशीच्या आसपास, गर्भपाताचे आणि गुणसूत्रांच्या संख्येतील दोषांचे प्रमाण वाढते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

जाग कशी येते?

मग एखादी पुटिका जागी होते ती कशी? आणि बाकीच्या लाखो झोपून राहतात त्या कशा? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रेणवीय जीवशास्त्राने या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला आहे.

अंडपेशीच्या केंद्रकात ‘फॉक्सो-३’ नावाचे एक प्रथिन असते. ते पहारेकऱ्याप्रमाणे पुटिकेची निद्रा राखते. ‘पीटेन’ नावाचे दुसरे प्रथिन वाढीच्या संदेशांना लगाम घालते. भोवतालच्या पेशींकडून वाढीचा पुरेसा जोरदार संदेश आला की फॉक्सो-३ केंद्रकाबाहेर घालवले जाते आणि पुटिका जागी होते. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये २००३ साली फॉक्सो-३ चे आणि २००८ साली अंडपेशीतील पीटेनचे जनुक निकामी करून पाहण्यात आले. दोन्ही प्रयोगांत सर्व आद्य पुटिका एकदमच जाग्या झाल्या आणि साठा अकाली संपून ते उंदीर वंध्य झाले.

हे निष्कर्ष अर्थपूर्ण आहेत. धरणाचे सर्व दरवाजे एकाच वेळी उघडले तर धरण काही दिवसांत रिकामे होईल. ते वर्षभर पुरावयाचे तर आवर्तने ठरवूनच पाणी सोडावे लागते. अंडाशयातही हेच घडते. वाढू लागलेल्या पुटिका ‘एएमएच’ नावाचे संप्रेरक स्रवतात. या संप्रेरकामुळे निद्रिस्त पुटिकांच्या जागे होण्यास आळा बसतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. रक्तातील या संप्रेरकाच्या प्रमाणावरून साठा किती उरला असावा, याचा स्थूल अंदाज डॉक्टर आज बांधू शकतात. मात्र ही चाचणी अंड्यांची गुणवत्ता सांगत नाही. एखाद्या स्त्रीस नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हेही तीवरून ठरत नाही. तिचा आकडा कमी आला म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही.

पुटिकेची वाढ

जागी झालेली पुटिका पूर्ण पक्व होण्यास अनेक महिने लागतात. प्रथम अंडपेशीभोवतीच्या चपट्या पेशी घनाकार होतात. मग त्यांचे थरावर थर चढतात. अंडपेशी स्वतःभोवती एक पारदर्शी आवरण तयार करते; परंतु या आवरणातून सूक्ष्म तंतू आरपार जात असल्याने भोवतालच्या पेशींशी तिचा संपर्क तुटत नाही. या मार्गांनी तिला पोषक द्रव्ये मिळत राहतात.

अंडपेशी केवळ आयते घेणारी आहे, असा समज पूर्वी होता. तो आता मागे पडला आहे. अंडपेशी स्वतः ‘जीडीएफ-९’ आणि ‘बीएमपी-१५’ ही प्रथिने स्रवून भोवतालच्या पेशींना वाढण्याचा आदेश देते. १९९६ साली जीडीएफ-९ नसलेल्या उंदरांमध्ये असे आढळले की, पुटिका जागी होते खरी, पण पहिल्या थरापुढे तिची वाढच होत नाही. थोडक्यात, अंडपेशी आणि तिचे वेष्टन यांचा हा परस्पर सहकार आहे.

वाढीच्या शेवटच्या सुमारे ८५ दिवसांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अंमल वाढत जातो. ही ग्रंथी दोन संप्रेरके पाठवते. एक पुटिका-उद्दीपक संप्रेरक आणि दुसरे पीतपिंडकारी संप्रेरक. पुटिकेच्या बाहेरच्या थरातील पेशी पीतपिंडकारी संप्रेरकाच्या सांगण्यावरून कोलेस्टेरॉलपासून एक कच्चा माल तयार करतात. आतील पेशी पुटिका-उद्दीपक संप्रेरकाच्या प्रभावाने त्याच कच्च्या मालाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. शेताने ऊस पुरवावा आणि कारखान्याने त्याची साखर करावी, तशातलाच हा प्रकार. दोहोंपैकी एक थांबला तर दुसऱ्याचे काम अडते. हेच इस्ट्रोजेन रक्तातून सर्व शरीरात जाते. ते गर्भाशयाचे अस्तर तयार करते आणि त्याचबरोबर हाडांची झीजही रोखते. पुटिका ही केवळ अंड्याची कुपी नसून संप्रेरकांचा एक छोटा कारखानाच आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

अनेकांतून एक

दर महिन्याला अनेक पुटिका या अंतिम शर्यतीत उतरतात. परंतु सामान्यतः एकच शेवटपर्यंत पोचते. वाढत्या पुटिकांनी निर्माण केलेले इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन पीयूषिका ग्रंथीला कळवतात की, आता पुटिका-उद्दीपक संप्रेरक कमी करावे. पुरवठा घटताच दुर्बळ पुटिका मागे पडतात. जिच्याकडे या संप्रेरकाचे ग्राहक रेणू अधिक आणि रक्तवाहिन्यांचे जाळे दाट, ती पुटिका थोड्या पुरवठ्यावरही तग धरते. उरलेल्या पुटिकांच्या पेशी स्वतःच्याच अंतर्गत आज्ञेने मरण पावतात व शोषल्या जातात.

संपूर्ण आयुष्यात अंडाशयातून बाहेर पडणाऱ्या अंड्यांची संख्या अवघी ४०० ते ५०० असते. जन्माच्या वेळच्या साठ्याशी तुलना केली तर हे प्रमाण हजारात एकही भरत नाही. उन्हाळ्यात धरणातील कितीतरी पाणी कालव्यात न जाता बाष्प होऊन उडून जाते. येथे तर जवळजवळ सर्वच साठा तसा जातो. गर्भारपणात अंडमोचन थांबते, तरीही ही घट चालूच राहते.

निवडलेली पुटिका सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची झाली आणि इस्ट्रोजेनची पातळी काही काळ उंच राहिली की पीयूषिका ग्रंथी पीतपिंडकारी संप्रेरकाचा एकदम लोट सोडते. तोवर भोवतालच्या पेशी ‘चक्रीय जीएमपी’ नावाचा एक छोटा रेणू अंडपेशीत सतत पाठवून तिची निद्रा टिकवीत असतात. संप्रेरकाचा लोट येताच हा पुरवठा बंद पडतो आणि कित्येक वर्षे थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते. सुमारे दीड दिवसाने पुटिका फुटते व अंडे बाहेर पडते. यालाच अंडमोचन म्हणतात. विभाजनाचा दुसरा टप्पा मात्र अंड्यात शुक्रपेशीने प्रवेश केल्यावरच पूर्ण होतो. मागे उरलेल्या पुटिकेचे पीतपिंडात रूपांतर होते आणि ते प्रोजेस्टेरॉन स्रवून संभाव्य गर्भासाठी गर्भाशय सज्ज ठेवते.

ज्ञानाचा उपयोग : कोलकाता ते मुंबई

या ज्ञानाने वंध्यत्वावरील उपचारांचे दार उघडले. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिली परीक्षानळी बालिका जन्मास आली. तिच्या वेळी निसर्गतः पक्व झालेले एकच अंडे वापरण्यात आले होते. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशाच एका बालिकेचा जन्म झाला. त्यांनी संप्रेरके देऊन एकाच वेळी अनेक पुटिका पक्व करण्याचा मार्ग अवलंबिला होता. पुढे जगभर हीच पद्धती रूढ झाली. परंतु त्यांच्या हयातीत त्यांच्या कार्यावर विश्वास ठेवला गेला नाही, आणि १९८१ साली त्यांनी जीवनयात्रा संपविली.

मुंबईत परळ येथील प्रजनन संशोधन संस्था आणि के. ई. एम. रुग्णालय यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका बालिकेचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेली देशातील पहिली परीक्षानळी बालिका ती हीच. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार हे या यशाचे प्रमुख शिल्पकार होते. विशेष म्हणजे, डॉ. मुखोपाध्याय यांच्या नोंदवह्या वाचून त्यांना न्याय मिळवून देण्यासाठी पुढे झटले तेही डॉ. आनंद कुमारच. परळची ती संस्था आज राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्था या नावाने कार्य करीत आहे.

संप्रेरकांची इंजेक्शने घेतल्याने अंड्यांचा साठा लवकर संपतो काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते. वर वर्णन केलेली प्रक्रिया ध्यानी घेतली तर तिचे उत्तर मिळते. ही इंजेक्शने निद्रिस्त पुटिकांना जागे करीत नाहीत. त्या महिन्याच्या शर्यतीत उतरलेल्या आणि एरव्ही नष्टच झाल्या असत्या, अशा पुटिकांना ती वाचवितात. तथापि, या उपचारांनाही धोके आहेत. अंडदान करणाऱ्या स्त्रीचे शोषण होऊ नये म्हणून २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमाने अंडदात्रीचे वय २३ ते ३५ वर्षे असावे, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक अंडी काढू नयेत, असे बंधन घातले आहे.

मराठवाड्यापुढील प्रश्न

एका बाजूला एकेक पुटिका वाचविण्यासाठी विज्ञान झटत असताना, दुसऱ्या बाजूला संपूर्ण साठाच अकाली हरपण्याचा प्रश्न छत्रपती संभाजीनगर विभागात उभा राहिला. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फेडावयाची असते आणि कामावर न आल्यास ‘खाडा’ कापला जातो. पहाटेपासून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहनात चढविणे, उघड्यावरील पाल, पाण्याची व शौचालयाची वानवा, अशा स्थितीत पाळीचे दिवस काढणे कठीण होते. अंगावरून पांढरे जाणे किंवा पोटात दुखणे यांसारख्या, पुष्कळदा औषधांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर ‘पिशवी काढून टाकणे’ हाच उपाय अनेकींना सांगण्यात आला. काहींना कर्करोगाची भीती घालण्यात आली.

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशभरात शंभरात सुमारे तीन होते. या शस्त्रक्रिया झालेल्यांत चाळिशी न गाठलेल्या स्त्रियाही होत्या.

पिशवी गेली म्हणजे काय गेले, हे पुटिकांच्या ज्ञानाने स्पष्ट होते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर पुटिकांचा सर्व साठा त्याच दिवशी संपतो. भारतीय स्त्रियांत सरासरीने ४६-४७ व्या वर्षी येणारी रजोनिवृत्ती मग तिशीतच येते. इस्ट्रोजेनचा कारखाना बंद पडल्याने अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, सांधे दुखणे, मन खचणे हे त्रास सुरू होतात. पुढे हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये शाबूत ठेवली तरी काही स्त्रियांत रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येते, असे दिसून आले आहे. जिला मोळी डोक्यावर घेऊन उभे राहावयाचे आहे, तिच्या हाडांचे बळच अशा रीतीने हिरावले जाते. खाडा वाचावा म्हणून केलेली शस्त्रक्रिया पुढे कायमचा खाडा पाडते, ही या प्रकरणातील शोकांतिका होय.

शासनाने याची दखल घेतली. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. केंद्र शासनाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्यांचा तीन महिन्यांत अवलंब करण्याचा आदेश दिला. नियमांनी धाक बसतो. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या देहाची माहिती असणे, हाच खरा प्रतिबंध होय.

कर्करोग आणि पुटिका

काही प्रसंगी साठ्याला बाधा पोचविणारे उपचार टाळता येत नाहीत. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. त्यांत तरुण स्त्रिया व मुलीही असतात. कर्करोगावरील काही औषधे आणि ओटीपोटावरील किरणोपचार आद्य पुटिकांचा नाश करतात. जीव वाचविणे हे प्रथम कर्तव्य असल्याने उपचार थांबविता येत नाहीत. परंतु ते सुरू होण्यापूर्वी अंडी वा भ्रूण गोठवून ठेवता येतात. वयात न आलेल्या मुलीच्या बाबतीत अंडाशयाचा लहानसा तुकडा गोठवून ठेवता येतो. असा गोठविलेला तुकडा पुन्हा बसविल्यावर पहिले अपत्य २००४ साली बेल्जियममध्ये जन्मले. ही सोय आज मोजक्या केंद्रांतच आहे व ती खर्चिकही आहे. तरीही “या उपचारांचा अंडाशयावर काय परिणाम होईल?” हा प्रश्न उपचारांच्या आधीच डॉक्टरांना विचारावयास हवा. नंतर विचारून उपयोग नसतो.

गेलेला साठा पुन्हा निर्माण करता येईल काय, याविषयी संशोधन सुरू आहे. प्रौढ अंडाशयात नव्या अंडपेशी तयार होऊ शकतात, असा दावा २००४ साली करण्यात आला होता. परंतु तो सर्वमान्य झालेला नाही. अंडाशय अकाली थकलेल्या स्त्रियांत उरल्यासुरल्या पुटिका जाग्या करून अपत्यजन्म घडविल्याचे २०१३ साली जपानमधून प्रसिद्ध झाले. तेही उरलेल्या साठ्याचाच उपयोग करणारे आहे. त्यामुळे आहे ती ठेव जपणे हाच तूर्त खरा मार्ग आहे.

प्रत्येक घराने जाणावे असे

पाळीच्या वा अंगावरून जाण्याच्या तक्रारींसाठी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास तपासणीचे अहवाल मागून घ्यावेत आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मराठवाड्यातील रुग्णांना त्यासाठी ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले, १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उपलब्ध आहे. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असेल तर ती अवश्य करावी. मात्र अंडाशये ठेवता येतील काय, हे स्पष्टपणे विचारावे. ज्यांची अंडाशये अकाली गेली आहेत, त्यांनी हे आता आपले नशीबच आहे असे मानून स्वस्थ बसू नये. योग्य औषधोपचार व हाडांची काळजी यांनी पुढील त्रास बऱ्याच अंशी कमी करता येतो. आशा कार्यकर्त्या, शिक्षिका आणि स्वयंसहायता गटांतील भगिनी यांनी ही माहिती पालापर्यंत पोचविली, तर तिचा लाभ सर्वाधिक गरज असलेल्या स्त्रियांना होईल.

दुष्काळाशी झुंजणाऱ्या मराठवाड्याला पाण्याच्या थेंबाचे मोल सांगण्याची गरज नाही. नाथसागर आटला तर पुढच्या पावसाची वाट पाहता येते. स्त्रीच्या देहातील या साठ्याला पुढचा पावसाळा नाही.